दिवाळीनंतर पाहू

दसऱ्याच्या सकाळी झेंडूचा जो भाव असतो तो दुपारी राहत नाही, आणि संध्याकाळी तर उरलेला ढीग गाईपुढे टाकावा लागतो. हे ज्ञान मला शाळेत जायच्या आधीपासून आहे, कारण अकोल्याला आमचं फुलांचं दुकान. दुकान म्हणजे वर ताडपत्री, खाली ओली पोती, पोत्यांवर फुलं आणि मध्ये मांडी घालून बसलेले बाबा. दसऱ्याला गिऱ्हाइकांची अशी झुंबड उडायची की घासाघीस करायला कोणाला फुरसत नसे. बाबा सांगतील तो भाव लोक निमूट देत. पण त्या गर्दीत एखादा आपला माणूस दिसला, गल्लीतला किंवा नात्यातला, की बाबा त्याच्याकडे न बघताच म्हणत, "दुपारी या ना भाऊ, दुपारी बोलू." त्या माणसाला बरोबर कळायचं. तो मुकाट्यानं परत जायचा आणि दुपारी निम्म्या भावात टोपली भरून न्यायचा. आजूबाजूच्यांना वाटे, यांचं काही दुसरं काम असेल.

भर गर्दीत "भाव पडणार आहे, थांबा" असं कोणता दुकानदार ओरडून सांगेल? पण आपल्या माणसाला थांबवायचं, हा बाबांच्या धंद्यातला एकुलता एक नियम होता. तो पाळल्याचा त्यांना भारी अभिमान. कॉलर ताठ केली असती, पण ते बहुतेक वेळ बनियनवरच असत.

चाचा हे बाबांचे शाळेपासूनचे दोस्त; ईदचा शीरखुर्मा त्यांच्याकडून आणि दिवाळीचा फराळ आमच्याकडून, हे ठरलेलं. त्यांच्या घरी घड्याळदुरुस्तीचं काम चालायचं. लग्नानंतर ते सासुरवाडीला, अमरावतीला गेले, आधी टीव्ही दुरुस्त करायचे, मग कम्प्युटरचं दुकान टाकलं. बाबा त्यांना "अबे सेठ" म्हणत आणि चाचा बाबांना "अबे फुलवाल्या". फोनवर एकेक शिवी झाल्याशिवाय त्यांचं बोलणं सुरू होत नसे. आई म्हणायची, "पोरगी आयकून राहिली, थोडं तं नीट बोला." पण नीट बोलायला त्यांच्यापाशी दुसरी भाषाच नव्हती. चाचांना मुलगा झाला तेव्हाच ठरून गेलं होतं की त्याच्या लग्नाचा सेहरा अकोल्याहून येणार, आणि तो दुसरं कोणी ओवणार नाही.

मला अमरावतीच्या कॉलेजात इंटिरिअर डिझाइनला प्रवेश मिळाला तेव्हा बाबांनी होस्टेलची चौकशी नंतर केली, आधी चाचांना फोन लावला. दर रविवारी मी त्यांच्याकडे जेवायला जायची. चाची माझ्यासाठी वेगळ्या कढईत वांग्याची भाजी करायची आणि ती कढई दुसऱ्या कशाला वापरायची नाही. मी नको म्हटलं तर रागवायची. घर सोडून आलेल्या मुलीला रविवारचं एक घर मिळणं म्हणजे काय, हे ज्याला मिळालं त्यालाच ठाऊक.

दुसऱ्या वर्षाला लागले आणि नवा लॅपटॉप बाजारात आला. कॉलेजभर त्याचीच चर्चा. आमच्या लॅबमधल्या जुन्या मशीनवर एका खोलीचं चित्र उमटायचं म्हणजे खाली जाऊन चहा पिऊन यावं लागे, आणि आल्यावर पाहावं तर ते अर्ध्यात अडकलेलं. नव्यावर म्हणे बघता बघता होतं. मी बाबांना हे सांगितलं ते काही हट्ट म्हणून नाही, पण बाबांनी मनावर घेतलं. गणपती-गौरींचा हंगाम चांगला गेला होता. ते पैसे पिशवीत घालून, पिशवी शर्टाच्या आत घालून ते एसटीनं अमरावतीला आले.

त्या दिवशी चाचांच्या दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. नवा माल नुकताच उतरला होता, जो तो तेच मॉडेल मागत होता. बाबांनी गर्दीतून मान काढून सांगितलं, "अबे सेठ, ते नवीन आलं ते दे पोरीले."

चाचा एका खोक्याला चिकटपट्टी लावत होते. त्यांनी आमच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाले, "जल्दी काय हाय बे. दिवाळीनंतर पाहू ना."

आता हे समजायला आमच्याकडची रीत माहीत पाहिजे. वऱ्हाडात सोयाबीन-कापसाचा पैसा घरात येतो तो दिवाळीच्या आगेमागे. म्हणून सोनं असो, गाडी असो की दवाखान्याचं बिल, उधारीचा शब्द सगळीकडे एकच: दिवाळीनंतर पाहू. सभ्य दुकानदार 'उधार ने' असं तोंडावर म्हणत नाही, तो असं म्हणतो. बाबांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. मुलीसमोर, चार गिऱ्हाइकांसमोर जिवलग दोस्तानं आपल्याला उधारी देऊ केली, असंच त्यांना वाटलं. मलाही तसंच वाटलं.

"मी उधार मांगाले नाई आलो," बाबा म्हणाले. "नगद हाय."

"अबे, मी कुठं म्हटलं..."

"मंग दे ना."

चाचांनी आता मात्र वर पाहिलं. आधी बाबांकडे, मग माझ्याकडे. काहीतरी सांगायचं होतं त्यांना, पण शेजारी दोन गिऱ्हाइकं तेच मॉडेल हातात धरून उभी होती. त्यांनी फळीवरचं खोकं काढून दिलं. भाव बाबांनी विचारला नाही. दोस्ताच्या दुकानात भाव विचारत नाहीत.

दसऱ्याला मी घरी आले तेव्हा तराजू, कात्री आणि दाभणाशेजारी माझा लॅपटॉपही पाटावर बसला. बाबांनी त्याला हार घातला. झेंडूच्या दोन पाकळ्या बटणांच्या फटीत गेल्या, त्या काढताना मी वैतागले आणि बाबा हसत राहिले. शेजारपाजारच्यांना ते सांगत होते, "नवीन निघाला हाय, अजून कोणापाशी नाई." तेवढे खूश बाबा मी त्यानंतर पाहिले नाहीत.

दिवाळीत फुलांच्या पुड्या बांधायला आमच्याकडे वर्तमानपत्रांचा गठ्ठा असतो. लक्ष्मीपूजनाच्या सकाळी बाबा एक पान ओढून त्यावर शेवंती ठेवत होते आणि थांबले. पानभर जाहिरात. तोच लॅपटॉप, तोच चंदेरी रंग. रॅम दुप्पट करून दिली होती आणि किंमत चांगली खाली आली होती. बाबांनी शेवंती बाजूला ठेवली, पान झटकलं आणि माझ्यापुढे धरलं.

"हा तोच ना वं?"

मी म्हटलं, "हो. कंपन्या करतात असं. आधी महाग काढतात, मग दिवाळीत स्वस्त करतात."

"कंपन्या करतेत, ते मले समजते. पण त्याले माहीत नव्हतं का? एवढ्या वर्षांचं दुकान हाय त्याचं."

आई आतून म्हणाली, "असंन माहीत. त्याचा बी धंदा हाय शेवटी."

तिनं ते सहज म्हटलं, पण त्या एका वाक्यानं बाबांची दिवाळी नासली. पैशांचं त्यांना तितकं नव्हतं. फुलांच्या धंद्यात सकाळचे पैसे संध्याकाळी मातीत जातात, त्याची त्यांना सवय होती. त्यांना एकच गोष्ट टोचत होती. माझ्या दुकानात तो आला असता तर मी त्याला 'दुपारी ये' म्हटलं असतं, आणि त्यानं मला का नाही म्हटलं? भाऊबीज होईपर्यंत ते हेच वेगवेगळ्या शब्दांत बोलत राहिले. मग मी होस्टेलवर जायला निघाले तर ते पान घडी करून खिशात घातलं आणि म्हणाले, "मी बी येतो."

दुकानात पुन्हा गर्दीच होती. चाचा त्यांना पाहून उठलेच. "अबे फुलवाल्या, फराळ नाई आणला काय?" बाबांनी उत्तर न देता पान काउंटरवर उघडलं.

"हे काय हाय?"

चाचांनी पाहिलं. "अबे, मी तुले म्हटलं होतं ना. दिवाळीनंतर पाहू म्हणून."

"ते तं तू उधारीचं म्हटलं होतं."

मी चाचांच्या तोंडाकडे बघत होते, म्हणून मला दिसलं. बाबांनी काय समजून घेतलं होतं ते त्यांना त्या क्षणी कळलं, आणि मला कळलं की चाचांनी त्या दिवशी नेमकं तेच केलं होतं जे बाबा दर दसऱ्याला करतात. भरल्या दुकानात, न बघता, वेगळंच काहीतरी बोलून आपल्या माणसाला थांबवलं होतं. बाबांनाही ते कळलं असणार. त्यांचा आवाज एकदम चढला, आणि चूक आपली आहे हे कळल्यावरच बाबांचा आवाज तसा चढतो.

चाचांनी गल्ल्यातून काही नोटा काढून त्या पानावर ठेवल्या. "वरचे हे घेऊन जा. वाटलं तं मशीन बी बदलून देतो. बस तं खरा आधी."

ते भांडण मिटवत होते. बाबांच्या मात्र नाकाला मिरच्या झोंबल्या. त्यांनी पान हातानं सरकवलं, नोटा खाली पडल्या आणि ते म्हणाले, "ठेव तुह्यापाशी. तुमी लोकं असेच हाय. दोस्ताले बी सोडत नाई."

गिऱ्हाइकं, काम करणारी माणसं, सगळेच वळून पाहायला लागले. चाचा बाबांशी जन्मभर वऱ्हाडीच बोलले, पण त्या वेळी त्यांच्या तोंडून हिंदी आली. अगदी हळू. "कौन लोग?"

एका शब्दाचं उत्तर होतं. 'कम्प्युटरवाले.' बाबांच्या मनात तेच होतं, मी शपथेवर सांगते. आमच्या घरात ते दुसरं कधी कोणी बोललं नाही, बाबांच्या डोक्याला ते शिवलंही नसतं. पण रागाच्या भरात त्यांना वाटलं, चाचा आता शब्दात पकडून राहिले. म्हणून ते म्हणाले, "तुले समजते कोण ते."

चाचांनी मान हलवली. वाकून नोटा उचलल्या, गल्ल्यात ठेवल्या आणि शेजारच्या गिऱ्हाइकाला म्हणाले, "हां, बोलिए."

बसस्टँडवर बाबा बाकावर बसले होते. मी पाण्याची बाटली आणून दिली. ती उघडता उघडता त्यांचा हात थांबला. "मी कम्प्युटरवाले म्हटलं ना वं?"

"नाही बाबा. 'तुमी लोकं' म्हटलं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. चेहऱ्यावरचं रक्त उतरणं म्हणजे काय ते मी तेव्हा पाहिलं. मी म्हटलं, चला, ऑटोनं दहा मिनिटांत पोचू, सांगून टाका. ते उठले, चार पावलं चालले आणि परत येऊन बसले. "आता जाऊन काय सांगू? मी तुमाले तसं नाई म्हटलं, असं? मंग तं मी तसंच म्हटलं, असं होते." अकोल्याची गाडी लागली तेव्हा ते चढले. खिडकीतून म्हणाले, "फोन करतो घरी जाऊन."

त्यांनी फोन केला. एकदा नाही, पुष्कळदा केला. चाची उचलायची, आदरानं चौकशी करायची आणि सांगायची, झोपलेत, नमाजला गेलेत, बाहेर आहेत. चाचीला काय सांगणार? बाबा म्हणत, काही नाही, सहज केला होता.

त्या पुढच्या रविवारी मी नेहमीसारखी गेले. कढई तीच, भाजी तीच, चाची तशीच. चाचा मात्र दुकानातच जेवले. त्यानंतरच्या रविवारीही. मी जाणं सोडलं. चाचीनं दोनदा फोन करून बोलावलं, मी परीक्षेची थाप मारली, मग तिनंही सोडलं. मला आजही रविवारी दुपारी कुठून वांग्याच्या भाजीचा वास आला की रडू येतं. बाबांचा राग येतो, आणि राग आला की अजूनच रडू येतं, कारण त्यांच्याइतकं कोणी स्वतःला बोल लावला नसेल.

उन्हाळ्यात चाचांच्या मुलाचं लग्न निघालं. पत्रिका पोस्टानं आली, छापील, वर बाबांचं पूर्ण नाव. सोबत फोन नाही, शिवी नाही, 'सेहरा कधी धाडतो बे' नाही. आई म्हणाली, जाऊन या. बाबा म्हणाले, "बोलावलं असतं तं गेलो असतो." पत्रिका हातात असून ते असं म्हणाले. पण लग्नाच्या आदल्या दिवशी त्यांनी दुकान बंद ठेवलं, घरात सतरंजी टाकली आणि मोगऱ्याच्या लडी ओवायला बसले. मध्ये मध्ये गुलाब, एका मापाचे, निवडून घेतलेले. मला हात लावू दिला नाही. पहाटेच्या गाडीच्या कंडक्टरकडे ओल्या फडक्यात बांधलेली टोपली दिली, मूर्तिजापूरला पुन्हा पाणी शिंपड म्हणून त्याला बजावलं, आणि चाचांच्या घरी टोपली उतरवून घ्यायला सांगितलं.

टोपली पोचली. कळवलं तसं चाचीनं. संध्याकाळी तिनं फोनच्या स्टेटसला लग्नाचे फोटो लावले. नवरदेवाच्या कपाळावर बाजारातला चमकत्या कागदाचा, पन्नीचा सेहरा होता. बाबांनी फोटो मोठा करून करून पाहिला, त्यांना वाटलं असेल मागे कुठे मोगरा दिसेल. मग फोन मला परत दिला. "चमकते चांगली पन्नी," म्हणाले.

शेवटचं वर्ष आलं. माझ्या प्रोजेक्टपुढे तो लॅपटॉप धापा टाकायला लागला. रॅम वाढवायला हवी होती, म्हणजे दिवाळीनंतर घेतला असता तर जी आतच मिळाली असती ती आता विकत आणायची. मी कुठूनही आणली असती. पण होळीला घरी आले तेव्हा बाबा म्हणाले, "त्याच्यापासूनच घेऊ. मी येतो." मला त्यांचा बेत कळला. बडनेऱ्यापर्यंत ते बसमध्ये ओठ हलवत होते. मी विचारलं तर लाजले, मग म्हणून दाखवलं, "अबे सेठ, मी कम्प्युटरवाल्यांले म्हटलं होतं बे, तुले नाई." कसं वाटतं, असं विचारलं. मी म्हटलं, छान. इस्त्रीचा शर्ट घालून आले होते.

मार्चची दुपार, रस्ते तापलेले. दुकानात चाचा एकटे होते. थकलेले दिसत होते. आम्हाला पाहून उभे राहिले.

"या, या. बसा तुमी. पाणी घ्या."

बाबा बसले. चाचांनी मला विचारलं, "कशी आहे बेटा?" त्यांचा आवाज माझ्यासाठी तोच होता, तेवढंच मला कसंबसं सहन झालं. बाबांना विचारलं, तुमची तब्येत कशी आहे, वहिनी बऱ्या आहेत का, धंदापाणी कसं चालू आहे तुमचं. बाबा एकेका प्रश्नाला मान डोलावत होते. मी रॅमचं सांगितलं, चाचांनी चहा मागवला, लॅपटॉप उलटा करून मागचं झाकण उघडलं, पाहिलं आणि म्हणाले, "रॅम टाकून देतो मी. पण याचा भाव पुढल्या महिन्यात उतरणार हाय. घाई नसंन तं थांबा तुमी थोडं."

सरळ, स्वच्छ सांगितलं. कोणत्याही भल्या दुकानदारानं कोणत्याही गिऱ्हाइकाला सांगावं तसं.

बाबांनी तोंड उघडलं. मला वाटलं, आता म्हणतील. मी मनात पहिला शब्द म्हटलासुद्धा.

"नाई," बाबा म्हणाले, "आजच द्या तुमी."

चाचांनी रॅम बसवली, बिल केलं, न मागता थोडे पैसे कमी केले. दारापर्यंत सोडायला आले आणि म्हणाले, काही त्रास दिला तर घेऊन या. आम्ही ऑटोत बसलो. बाबांनी लॅपटॉपची पिशवी मांडीवर घट्ट धरली होती. स्टँड यायला आला तेव्हा ते रस्त्याकडे बघत म्हणाले, "दुकानात गर्दी होती ना. म्हणून तुमी तुमी करून राहिला असंन तो."

"हो बाबा," मी म्हटलं. "खूप गर्दी होती."